गाव सोडून गेलेल्यांचे वस्तुसंग्रहालय : सातारा-सांगली ते परळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या पाली अभ्यासवर्गातील उपासक-उपासिकांसह आम्ही मुंबईस भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय पाहण्यास गेलो होतो. वर्गातील बहुतेक मंडळी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील होती. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरातील कोणी ना कोणी, आजोबा, चुलते अथवा मामा, कधी काळी मुंबईच्या गिरणीत, गोदीत वा बाजारात कामास होते. ज्या शहरावर आपल्या घराच्या दोन पिढ्या जगल्या, त्या शहराच्या संग्रहालयात आपले काय आहे हे पाहावे, असा त्या भेटीचा साधा हेतू होता.

हे संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. तेथील मातीच्या लहान लहान मूर्ती प्रसिद्ध आहेत. मुंबईत वस्ती करून राहिलेल्या नाना समाजांची माणसे त्यांच्या पेहरावासह, पगडी-पागोट्यासह, व्यवसायाच्या हत्यारांसह तेथे कपाटांत उभी आहेत. काम अत्यंत सुबक आहे. आमच्याबरोबरच्या एक वृद्ध उपासिका बराच वेळ एका कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, या माणसांची नावे काय?

त्या प्रश्नास उत्तर नव्हते. त्या मूर्ती व्यक्तींच्या नव्हेत, नमुन्यांच्या आहेत. अमुक जातीचा मनुष्य असा दिसतो, तमुक धंद्याचा मनुष्य असा बसतो, हे सांगण्यासाठी त्या घडविल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या संग्रहालयशास्त्राची दृष्टीच तशी होती. त्याबद्दल आज कोणास बोल लावण्याचे कारण नाही. परंतु त्या उपासिकेचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. शहरात आलेल्या मनुष्याची नोंद कोणी, कशी आणि कोणासाठी ठेवावयाची, हाच तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार सातारा-सांगलीच्या संदर्भात करण्याचे योजिले आहे.

दोन जिल्हे, एक वाट

प्रथम भूगोल ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आजचा सांगली जिल्हा हा जुन्या सातारा जिल्ह्यातील तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळे हे तालुके आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून मुंबईच्या जुन्या कागदपत्रांत ‘जिल्हा सातारा’ असे वाचावयास मिळाले, तर तो मनुष्य आजच्या सांगली जिल्ह्यातीलही असू शकतो.

या प्रदेशाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा धो-धो पाऊस, मध्ये कृष्णा-कोयनेचे सुपीक खोरे आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील कोरडा पट्टा. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी हा पूर्वभाग पिळून काढला. याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली होती. शतकाच्या अखेरीस तेथे गिरण्यांची रांग उभी राहिली. आणि १८८० च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला. कोरेगाव, मसूर, कराड, ताकारी या स्थानकांवरून गाडीत बसावे, पुण्यास गाडी बदलावी आणि मुंबईस उतरावे, ही वाट खुली झाली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील रत्नागिरी जिल्ह्याच्या खालोखाल जी माणसे दिसत, त्यांत साताऱ्याच्या माणसांची गणना होई. कोकणातील लोक त्यांना ‘घाटी’ म्हणत. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या लोकसंख्येपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले आढळले. म्हणजे ते शहर पाहुण्यांचेच होते. यजमान थोडे होते.

दुष्काळ व रेल्वे ही कारणे सर्वांस लागू होती. अस्पृश्य मानलेल्यांस आणखी एक कारण होते. १८७४ च्या वतन कायद्याने महारकीस कायद्याच्या चौकटीत बसविले होते. तुटपुंजे वतन, त्याच्या बदल्यात दिवस-रात्र सरकारची व गावाची वेठ, आणि ती एकट्याने नव्हे तर सर्व कुटुंबाने करावयाची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तोपर्यंत गाव सोडणे हाच अनेकांचा एकमेव राजीनामा होता. इतर शेतकरी मनुष्य दुष्काळ पडला म्हणून गाव सोडी. आमचा मनुष्य पाऊस चांगला पडला तरीही गाव सोडी. हा भेद स्थलांतराच्या इतिहासात फारसा नोंदविला जात नाही.

मसूरचे स्थानक

या वाटेवरील एक प्रवास मात्र लिहिला गेला आहे, कारण तो करणाऱ्या मुलाने पुढे लेखणी हाती घेतली. सुभेदार रामजी यांचे कुटुंब साताऱ्यास राहात असे. मातोश्री भीमाबाईंचे निधन तेथेच झाले आणि त्यांची समाधीही तेथे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. तेथे दुष्काळाने उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्यास घेतला होता. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जाण्यासाठी भीमराव घरच्या इतर मुलांबरोबर आगगाडीने मसूरला उतरले. नवे कपडे, हातात सामान, आणि न्यावयास कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली; जात कळताच चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकावयास तयार होईना. शेवटी मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने शेजारून चालावे असा सौदा ठरला. बरोबर खाण्याचे होते, पाणी नव्हते. वाटेत जकातनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. रात्र तशीच काढून मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावास पोहोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आणि तो वाचकांस परिचित आहे. आम्ही त्याची आठवण येथे वेगळ्या कारणासाठी करीत आहोत. याच खटाव तालुक्यात औंध आहे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तेथे १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभे केले आणि राजा रविवर्मा यांच्यासह अनेक थोर चित्रकारांची कामे त्यात जपली. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठेशाहीची शस्त्रे, वस्त्रे, कागद आहेत. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमकडून आलेली वाघनखे तेथे मांडली गेली तेव्हा ती पाहावयास दुरून माणसे आली. सांगलीच्या संग्रहालयाचा पाया संस्थानी काळातील संग्रहाचा आहे. ही सर्व संग्रहालये आपापल्या विषयाशी प्रामाणिक आहेत आणि ती आमचीही आहेत. राजवाडा, रणांगण आणि कलादालन यांची स्मृती जपणे योग्यच आहे. प्रश्न एवढाच की मसूरचा फलाट कोणत्या संग्रहालयात ठेवावयाचा?

परळची खोली

१९०४ च्या सुमारास रामजींनी बिऱ्हाड मुंबईस हलविले. लोअर परळच्या डबक चाळीतील एक खोली हे त्या कुटुंबाचे घर झाले. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, सर्व काही तिच्यातच. रात्री मुलाने लवकर निजावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागे राहून त्यास उठवावे आणि मग स्वतः अंग टाकावे, हा क्रम सर्वश्रुत आहे. जागा एक आणि माणसे दोन, तेव्हा झोपेच्या पाळ्या लावणे ही गिरणगावची रीतच होती. गिरणीत जशा पाळ्या, तशा खोलीतही पाळ्या.

पुढे १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या पोयबावडीजवळील बी.आय.टी. चाळ क्रमांक १ हा आंबेडकर कुटुंबाचा पत्ता राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने बांधलेल्या या चाळी होत. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे आणखी २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गावच्या एका नावावर घेतलेल्या अशा खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष राहात. त्यांच्या ट्रंका भिंतीशी रचलेल्या, वळकट्या वर टांगलेल्या. जेवण शेजारच्या बाईच्या खानावळीत. नवीन आलेल्या मुलास गावचाच जॉबर ‘बदली’ म्हणून गिरणीच्या फाटकाशी उभा करी.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. गाव सुटले तरी गावाने पाठ सोडली नव्हती. गावकीची खोली ही बहुधा जातीचीही खोली असे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळे. परंतु धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्यास अस्पृश्याचे ओठ लागले त्यास आपले ओठ कसे लावावयाचे, या कारणाने आमच्या माणसांना साचेखात्याचे दार बंद होते. त्यांची वाट कमी मजुरीच्या रिंगखात्यात जाई. १९२८-२९ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. मजुरांची एकी हवी, तर मजुरांतील ही भिंत प्रथम पाडा, असा त्यांचा रोख होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, शाळाप्रवेशाच्या त्याच तारखेस, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या मोठ्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले.

सांगलीकडील वाटही अशीच आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३० च्या सुमारास लहान वयात वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले. नाना कष्टाची कामे करीत त्यांनी शहर वाचले आणि मग ते लिहिले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी तराळकीच्या घरातून निघून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंतचा प्रवास ‘तराळ-अंतराळ’ मध्ये सांगितला. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडींना संघटित केले. १९६९ चा माथाडी कायदा हे त्या चळवळीचे फळ. आणि खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातील गलाई व्यावसायिक तर सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देशभरच्या शहरांत पोहोचले. म्हणजे दुष्काळी मुलखातून केवळ मजूर बाहेर पडले असे नव्हे. कारागीर, लेखक आणि पुढारीही बाहेर पडले.

आगन्तुक आणि आवासिक

पालीच्या अभ्यासकास हे वाचताना विनयपिटकातील एका प्रकरणाचे स्मरण झाल्यावाचून राहात नाही. चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात ‘आगन्तुक’ म्हणजे बाहेरून आलेला भिक्षू आणि ‘आवासिक’ म्हणजे विहारात राहणारा भिक्षू यांची परस्परांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचा तपशील अत्यंत व्यावहारिक आहे. थोर आगन्तुक आला की आवासिकाने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर घ्यावे, पिण्यास पाणी हवे काय असे विचारावे. निजण्याची जागा कोठली, शौचाची जागा कोठली, पाणी कोठे, भिक्षेस कोठे जावयाचे, हे सर्व दाखवून द्यावे. आगन्तुकानेही पायताण काढून, आवाज न करता, तेथील रीत विचारून वागावे.

हे नियम का करावे लागले? कारण बुद्धकाल हा नगरांचा काल होता. महापरिनिब्बान सुत्तात चम्पा, राजगह, सावत्थि, साकेत, कोसम्बी आणि बाराणसी अशा सहा महानगरांची नावे येतात. व्यापारी तांडे, कारागीर, सैनिक, परिव्राजक सतत एका नगरातून दुसऱ्या नगरात जात होते. अनोळखी मनुष्य दारात उभा राहणे ही रोजची गोष्ट झाली होती. त्या मनुष्याशी कसे वागावे याचे उत्तर कुळावरून वा वर्णावरून न देता तो आलेला आहे एवढ्यावरूनच देणे, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. आगन्तुकास पाण्याविषयी विचारावे, हा नियम एकीकडे ठेवावा आणि मसूरच्या वाटेवरील जकातनाका दुसरीकडे ठेवावा. मध्ये दोन सहस्रकांहून अधिक काळ गेला होता आणि समाज पुढे गेलेला नव्हता.

उलटपक्षी, चाळीतील त्या गर्दीच्या खोलीत हा नियम कोणी न शिकविता पाळला जात होता, हेही नमूद केले पाहिजे. गावाहून आलेल्या पोरास नळ केव्हा येतो, संडासाची रांग कोठे लागते, खानावळीचे पैसे केव्हा द्यावयाचे, कोणत्या फाटकावर कोणास भेटावयाचे, हे आधी आलेला मनुष्य समजावून सांगे. ते आवासिकवत्तच होते. फक्त त्याची सीमा जातीपाशी संपत असे.

कराडच्या माणसांचे दान

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. या माणसांची नावे काय?

सातारा जिल्ह्यातून दूरवर गेलेल्या माणसांची सर्वांत जुनी नोंद आमच्या मते मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर आहे. हे अवशेष १८७३ साली कनिंगहॅम यांना सापडले आणि त्यांचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या त्या ब्राह्मी लेखांत ‘करहाकट’ या निगमाचे, म्हणजे व्यापारी गावाचे, दान नोंदविलेले आहे. करहाकट म्हणजे आजचे कराड, असे विद्वानांचे मत आहे. कराडहून भारहुत हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे कोणी एकट्या श्रीमंताने नव्हे, तर गावाने मिळून दान दिले आणि आपल्या गावाचे नाव दगडावर कोरून ठेवले.

कोकणात कुडा येथील लेण्यात कराडच्याच एका मनुष्याचा लेख आहे. त्याचे नाव महिक आणि व्यवसाय लोखंडाचा व्यापार. घाट उतरून समुद्राच्या खाडीकाठी गेलेल्या या लोहवणिकाने लेणे दान दिले आणि आपली ओळख तीन शब्दांत सांगितली : गाव, धंदा, नाव. खुद्द कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. तेथेही गोपाळाचा पुत्र संघमित्र याने दिलेल्या लेण्याचा लेख आहे. जुन्नरला बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सुताराचे नाव आहे.

नाशिकच्या लेण्यात तर विणकरांचा हिशेबच आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्याचे वर्षाचे २४० होतात, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण याप्रमाणे बरोबर तेवढीच रक्कम लागते. उरलेल्या १,००० चे व्याज पाऊण टक्का. ज्या विणकरांच्या हाती एवढी ठेव विश्वासाने सोपविली गेली, त्यांच्याच धंद्यात पुढे धोट्यावरील ओठांचा प्रश्न उभा राहावा, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

या लेखांचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुतेक दाते आपले नाव, गाव, धंदा व नाते सांगतात. आपली ओळख जातीने सांगत नाहीत. मातीच्या मूर्तीत मनुष्य दुसऱ्याच्या नजरेने दिसतो, जात व पेहराव यांवरून. लेखात तो स्वतः बोलतो. अर्थात येथेही अतिरेक करू नये. ज्याच्यापाशी देण्यास काही होते, त्याचेच नाव दगडावर आले. ज्यांनी छिन्नी चालविली, त्यांतील बहुतेकांची नावे डोंगराबरोबरच राहिली. दगडाचे संग्रहालयसुद्धा सर्वांचे नसते.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयापासून आम्ही आरंभ केला, त्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलणारे डॉ. भाऊ दाजी हे स्वतः गोव्यातील मांद्रे गावाहून बालपणी मुंबईस आलेले होते. आणि अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत त्यांची गणना होते. शहरात आलेल्या एका मनुष्याने जुन्या दात्यांची नावे वाचून काढली आणि शहराला संग्रहालय मिळवून दिले.

न्यूयॉर्कची एक इमारत

सामान्य स्थलांतरिताचे संग्रहालय करता येते काय? येते. न्यूयॉर्क शहरात ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या पत्त्यावर १८६३ साली बांधलेली एक पाचमजली चाळवजा इमारत आहे. १९३५ पर्यंत तीत वीसहून अधिक देशांतून आलेली सुमारे ७,००० माणसे राहून गेली. त्या वर्षी वरचे मजले रहिवाशांना बंद झाले आणि पुढे अर्धशतक ते तसेच राहिले. १९८८ साली तेथे टेनेमेंट म्यूझियम स्थापन झाले. त्यात राजे नाहीत, शस्त्रे नाहीत. भिंतीवरचे एकावर एक चिकटविलेले कागद, चूल, शिवणयंत्र, पाळणा आहेत. जनगणनेच्या व न्यायालयाच्या कागदांतून भाडेकरूंची नावे शोधून काढून एकेका खोलीत एकेका कुटुंबाची हकीकत उभी केली आहे. नॅटली गुंपर्ट्झ नावाच्या जर्मन स्त्रीचा नवरा १८७४ साली घरातून गेला तो परतलाच नाही. तिने शिवणकामावर मुलींना वाढविले. हे कळले ते तिच्या न्यायालयीन अर्जामुळे.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्येच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ऑर्चर्ड स्ट्रीटची ती इमारत तेव्हा माणसांनी भरलेली होती. त्याच वेळी मुंबईत परळच्या चाळीत रमाई संसार ओढीत होत्या. ज्यांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात रात्री, बाजार उठल्यावर झाला, त्या रमाई. एका शहरातील चाळ संग्रहालय झाली. दुसऱ्या शहरातील चाळी आता पाडल्या जात आहेत. २०२५ साली वरळीच्या विकास खात्याच्या चाळींतील पहिल्या रहिवाशांना नव्या उंच इमारतीत घरे मिळाली. १६० चौरस फुटांत जन्म काढलेल्या कुटुंबास मोठे घर मिळाले याचा आनंदच मानला पाहिजे. स्मृतीसाठी कोणी कोंदट खोलीत राहावे असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. परंतु भिंत गेली की भिंतीवरचे खिळे, फोटो आणि नावेही जातात.

ट्रंकेतील लेख

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक माणसे ट्रंक घेऊन ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने परत गेली. आमच्या घरची ट्रंकही अशीच खटाव तालुक्यात परत आली. आजोबांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षे ती कोणी उघडली नव्हती. भायखळ्याहून परतल्यावर आम्ही ती उघडली. आत गिरणीचा बिल्ला, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, दीक्षेनंतर घेतलेली लहान बुद्धमूर्ती आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. तो मनीऑर्डरीच्या पोचपावत्यांचा होता.

मनीऑर्डरीची रीत अशी की पैसे पोहोचल्यावर घेणाऱ्याच्या सहीची पावती पाठविणाऱ्याकडे परत येई. आजीस लिहिता येत नव्हते. प्रत्येक पावतीवर तिचा अंगठा आहे. आजोबांनी त्या सर्व जपून ठेवल्या होत्या. आजी मुंबईस कधी राहिली नाही; शेत, म्हातारी माणसे व लेकरे सांभाळीत ती गावीच राहिली. तरी शहरातील त्या खोलीत, ट्रंकेच्या तळाशी, तिचा हात महिन्याच्या महिन्यास पोहोचत होता. स्थलांतराच्या इतिहासात गेलेल्याची नोंद अपुरी आहे. मागे राहिलेल्या स्त्रीची तर नाहीच. आमच्या घरापुरती ती त्या गठ्ठ्यात सापडली.

आम्ही आमच्या वर्गापुढे एक साधी सूचना ठेवली आहे व ती वाचकांपुढेही ठेवतो. मोठी इमारत, मोठा निधी यांची वाट पाहू नये. सातारा-सांगलीतील प्रत्येक विहारात एक कपाट आणि एक वही असावी. वहीत एका मनुष्यास एक पान. नाव काय. गाव कोणते. कोणत्या साली निघाला. कोणत्या स्थानकावरून. पहिल्या रात्री कोणाच्या खोलीत उतरला. पहिले काम कोणते, कोणत्या खात्यात. पाणी कोठे मिळाले, कोठे नाकारले गेले. गावी मागे कोण राहिले. कागद असतील तर ते मालकाकडेच राहू द्यावेत, त्यांची छायाचित्रे मात्र घ्यावीत. ज्यांनी गिरणीत काम केले ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

आमच्या वहीचे पहिले पान त्या वृद्ध उपासिकेनेच सांगितले आणि वर्गातील एका मुलीने लिहून घेतले. त्यांच्या पतीचे नाव, गाव, गिरणीचे रिंगखाते, चाळ, खोली असे सर्व झाले. मग मुलीने विचारले, आणि तुमचे नाव? त्यांनी ते सांगितले. त्याखाली, सही म्हणून, त्यांनी अंगठा उमटविला.